दुबईचा व्हिजिट व्हिसा आणि 1 लाख 60 हजार : भावाला पाठवावं का?

जांबोटीची_लेक

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

धाकट्या भावाबद्दल विचारायचं आहे. वय 26. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटी भागात. एसएसएलसी, म्हणजे दहावी, झाल्यावर त्यानं बेळगावात आयटीआय केलं, फिटर, दोन वर्षांचं. गेली पाच वर्षं उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर, आहे. ड्रॉइंग वाचतो, सेटिंग स्वतः करतो, हाताखाली दोन पोरं आहेत. पगार 19 हजार. ओव्हरटाइम धरून 23 पर्यंत जातो. बाबा गेल्यापासून घर त्याच्यावर आहे, आणि सोसायटीचं कर्जही.

आता निपाणीकडचा एक माणूस त्याला भेटलाय. दुबईला पाठवतो म्हणतो. 60 दिवसांचा व्हिजिट व्हिसा, तिथं उतरल्यावर कंपनी वर्क व्हिसा करून देईल, पगार 2,500 दिरहम. एकूण 1 लाख 60 हजार मागतोय, निम्मे आधी. कंपनीचं नाव विचारलं तर "तिथं गेल्यावर कळतंय की" म्हणाला. आई गंठण मोडायला निघालीय. भाऊ तर बॅग भरायच्या तयारीत आहे, "अक्का, तू सारखी नन्नाचा पाढा लावतीस" म्हणायलाय.

मला त्याची वाट अडवायची नाही. पण रात्री झोप लागत नाही. कुणी असं गेलंय का? खरं काय ते सांगा.

मस्कतवाले_तात्या

बाळ, आधी एक काम कर. गंठण डब्यात ठेव आणि डबा कपाटात ठेव.

मी 2008 साली सौदीला गेलो वेल्डर म्हणून. त्यानंतर मस्कतला नऊ वर्षं काढली. आता गावी आहे, हुक्केरीजवळ. पहिल्या खेपेला ज्यानं पाठवलं त्यानं तोंडी 1,200 रियाल सांगितले होते. रियाधला उतरल्यावर अरबीत लिहिलेला कागद पुढं आला, सही केली, नंतर कळलं त्यात 800 आहेत. पासपोर्ट कंपनीनं काढून घेतला. तक्रार कुणाकडं करणार? इथल्या माणसानं फोन उचलायचं बंद केलं. दोन वर्षं कर्ज फेडण्यातच गेली.

मी नंतर शिकलेलं सांगतो. परदेशी कामाला माणसं पाठवायची तर 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन लागतं. लायसनवाल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे, नाव घालून शोधता येतं. त्या एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त 30 हजार आणि वर जीएसटी घेता येतो. त्याचीही पावती द्यावी लागते. तुझ्याकडं 1 लाख 60 हजार मागणारा माणूस कुठल्या हिशोबानं मागतोय? "मी अमक्या एजन्सीचा सब-एजंट" म्हणत असेल, तर सब-एजंटाला या कायद्यात जागाच नाही.

दुसरं, यूएईच्या कामगार कायद्यात भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकानं करायचा आहे, कामगाराच्या माथी मारायचा नाही. चांगली कंपनी तिकीटही पाठवते.

नदाफ_गल्ली

तात्यांचं बरोबर असेल, पण सगळेच फसतात असंही नाही ओ. माझा मावसभाऊ 2023 मध्ये असाच व्हिजिटवर गेला, पाचव्या आठवड्यात नोकरी लागली, आज शारजात आहे. तिथं जाऊन इंटरव्ह्यू दिलं की लवकर घेतात. इथं बसून अर्ज करणाऱ्याला कोण विचारतंय?

मस्कतवाले_तात्या

नदाफ भाऊ, तुमचा मावसभाऊ सुखरूप आहे याचा आनंद आहे. व्हिजिटवरून कामाच्या व्हिसावर तिथंच बदल करता येतो, हे मी नाकारत नाही. पण त्यानं तो जुगार कुणाच्या पैशावर खेळला? स्वतःची चार पैशांची शिल्लक होती, राहायला ओळखीची खोली होती, असं असेल तर वेगळं. या पोराच्या मागं कर्ज आहे. 60 दिवसांत काम मिळालं नाही तर रोज 50 दिरहम दंड चढतो. दंडाला घाबरून पोरं मिळेल ते काम मिळेल त्या पैशात धरतात. व्हिजिट व्हिसावर काम करणं गुन्हा आहे, त्यामुळं पगार बुडाला तरी तक्रार करायला तोंड राहत नाही. असे चार जण मी माझ्या खोलीत ठेवून घेतलेत. एक आपल्या संकेश्वरचाच होता.

कागदवाला

ताई, मी बेळगावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो. अकरा वर्षं पासपोर्टचे फॉर्म भरतोय. देश कुठला ते नंतर बघा, आधी भावाचा पासपोर्ट हातात घ्या आणि शेवटचं पान बघा. तिथं 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' छापलंय का?

छापलं असेल तर तो ईसीआर पासपोर्ट. असा पासपोर्ट घेऊन ठरावीक 18 देशांत नोकरीला जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. यूएई, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहरीन हे सगळे त्यात येतात. मंजुरी ई-मायग्रेटवरून मिळते. त्यासाठी करार अपलोड होतो, पगार नोंदला जातो, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेत 10 लाखांचा विमा उतरतो, दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये. व्हिजिट व्हिसावर पाठवणारा माणूस नेमकं हेच सगळं टाळत असतो. विमानतळावर अधिकाऱ्याला संशय आला तर पोराला तिथूनच परत पाठवतात.

पण दहावी पास असलेल्याला ईसीआर लागतच नाही. गंमत नाही, खरंच सांगतो, आपल्याकडं निम्म्या पोरांनी पासपोर्ट काढताना मार्क्सकार्ड जोडलेलंच नसतं. मग दहावी, आयटीआय, कधी कधी डिप्लोमा झालेला पोरगा ईसीआर घेऊन फिरतो. पासपोर्ट री-इश्यूला टाकून ते काढून घेता येतं. कॅम्पातल्या हेड पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात काम होतं, हुबळीला जायची गरज नाही.

आता नावाचं. हे आपल्या सीमाभागाचं खास दुखणं आहे, म्हणून जरा लांबवतो. घरी आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. कन्नड शाळेत किंवा बोर्डाच्या फॉर्मवर इनिशियल लावायची पद्धत, म्हणून मार्क्सकार्डावर वडिलांचं नुसतं एक अक्षर. आधारवर आणखी वेगळं. त्यात मराठीतलं नाव कन्नडात आणि कन्नडातून इंग्रजीत गेलं की स्पेलिंग बदलतं, 'परशराम'चं 'परशुरामा' झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. बेळगावचं 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर बेळगावी झालं. त्यामुळं जुन्या दाखल्यावर एक आणि नव्यावर दुसरं असतं, त्यानं सहसा अडत नाही. अडतं ते माणसाच्या नावामुळं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा ठेवला असेल तर अजून वाईट. असं एकच नाव असलेल्यांना नोव्हेंबर 2022 पासून यूएई व्हिजिट व्हिसावर घेत नाही. तुमच्या त्या माणसानं हे विचारलं का?

जांबोटीची_लेक

कागदवाला दादा, आत्ता भावाला उठवून पासपोर्ट बघितला.

शेवटच्या पानावर शिक्का आहे. आणि सगळं नाव एकाच रकान्यात आहे, आडनावाच्या जागी काहीच नाही. मार्क्सकार्डावर वडिलांचं इनिशियल. आयटीआयच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी. त्या माणसाकडं पासपोर्टची झेरॉक्स महिनाभर पडून आहे, त्यानं यातलं काहीही सांगितलेलं नाही. उलट मेडिकलसाठी म्हणून 10 हजार नेलेत. हे मी पहिल्यांदा लिहिलं नव्हतं, लाज वाटत होती.

भाऊ पहिल्यांदाच गप्प बसलाय.

मस्कतवाले_तात्या

लाज कसली बाळ. मी त्या काळी 70 हजार दिले होते, गाय विकून. लायसनचा नंबर आणि कंपनीचं ऑफर लेटर लेखी माग. ऑफर लेटर आलं तर त्याचा नंबर यूएईच्या कामगार मंत्रालयाच्या वेबसाइटवर तपासता येतो. तो देणार नाही, बघ तू. 1800 11 3090 हा सरकारचा प्रवासी मदतीचा टोल फ्री नंबर आहे, तिथंही विचार.

निपाणी_नाका

कागदांचा विषय निघालाच आहे तर माझंही सांगतो, कुणाचे तरी हेलपाटे वाचतील.

घर निपाणीत, बी.कॉम. कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठातून. आमच्याकडं बरीच पोरं शिकायला तिकडंच जातात, चाळीस किलोमीटरवर तर आहे. दुबईत अकाउंटंटची नोकरी लागली, नीट, कंपनीकडून ऑफर येऊन. पदवी अटेस्ट करायला, म्हणजे ती खरी आहे असे सरकारी शिक्के घ्यायला, सांगितलं. मी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून बेंगळूरला गेलो, कारण राहणार कर्नाटकचा. खिडकीवर सांगितलं, पदवी महाराष्ट्रातली, महाराष्ट्र सरकारकडून शिक्का आणा. मग मुंबई. राज्याचा शिक्का, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा, त्यावर यूएई वकिलातीचा, आणि तिथं पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. रहिवासी कुठले हे कुणी बघत नाही, कागद कुठल्या राज्यानं दिला तेवढंच बघतात. जन्मदाखला मात्र कर्नाटकचा, त्यामुळं तो परत बेंगळूरला. दोन राज्यांच्या मध्ये राहणाऱ्यानं हा हिशोब आधीच करावा.

सौदी 2022 च्या डिसेंबरात अपोस्टिलच्या, म्हणजे एकमेकांचे कागद एकाच शिक्क्यावर मानायच्या, करारात आला, ओमान आणि बहरीन आधीपासून आहेत. तिथं वकिलातीची पायरी वाचते. यूएई, कतार आणि कुवेतला ती चुकत नाही.

टिळकवाडी_ते_स्टुटगार्ट

ताई, मी नर्स आहे. बी.एस्सी. नर्सिंग बेळगावातच झालं, आता चार वर्षं जर्मनीत. ड्युटी संपवून लिहितेय, थोडं विस्कळीत होईल.

तुमच्या भावाचं काम वाचून मला राहवलं नाही. सीएनसी सेट करणारा, ड्रॉइंग वाचणारा, दोन वर्षांचं आयटीआय आणि वर पाच वर्षांचा अनुभव. अशा माणसांची इथं खरोखर वाट बघतात. ज्या गावात मी राहते तिथं छोट्या छोट्या मशीन शॉपच्या दारावर माणसं पाहिजेत अशा पाट्या आहेत. अगदी उद्यमबागेसारखीच शेड, फक्त हीटर लावलेला.

1 जून 2024 पासून इथं 'शान्सेनकार्टे' म्हणून व्हिसा सुरू झालाय. काम शोधायला वर्षभर येता येतं, आठवड्याला 20 तास काम करता येतं. 6 गुण लागतात. भावाचे मोजू या. वय 35 च्या आत, 2. गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा त्याच कामाचा अनुभव, 3. जर्मन भाषेची दुसरी पातळी, ए-2, केली तर 1. झाले 6. प्रशिक्षण किमान दोन वर्षांचं आणि आपल्या सरकारनं मान्य केलेलं हवं. फिटर दोन वर्षांचा आहे म्हणून बसतो. वेल्डरचं आयटीआय एका वर्षाचं असतं, ते बसत नाही. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनीही लक्षात ठेवा. आयटीआय मान्य आहे हे दाखवायला जर्मनीतल्या झॅब या कार्यालयाकडून ऑनलाइन पत्र घ्यावं लागतं.

अडचण एकच, पैसे. वर्षभराच्या खर्चाचे, 2025 च्या आकड्यानं महिन्याला 1,091 युरो, ब्लॉक अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, दाखवायचे. वर्षाचे 13,092 युरो.

जांबोटीची_लेक

ताई, तुम्ही ड्युटीवरून येऊन एवढं लिहिलंत, खूप आभार. पण 13,092 युरो म्हणजे 13 लाखांच्या घरात जातं. आमची सगळी जमीन विकली तरी कठीण. हा मार्ग आमच्यासारख्यांसाठी नाही बहुतेक.

टिळकवाडी_ते_स्टुटगार्ट

थांबा, म्हणूनच दुसरं सांगणार होते, काल डोळा लागला.

काम इथं येऊन न शोधता तिथूनच शोधायचं. करार हातात असेल तर ब्लॉक अकाउंट लागत नाही, पगारच पुरावा. मार्च 2024 पासून एक सोय आहे : मालकाचा करार, ए-2 जर्मन आणि दोन वर्षांचं मान्य प्रशिक्षण, एवढ्यावर व्हिसा मिळतो, आणि आयटीआयला जर्मन मान्यता मिळवायचं काम इथं येऊन नोकरी करत पूर्ण करायचं. मालक आणि कामगार दोघंही ते पूर्ण करू असं लिहून देतात. बंधन आहे, पण भावासारख्यासाठी हाच रस्ता सगळ्यात सरळ वाटतो मला.

ते नाही जमलं तर आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत शिकायचं प्रशिक्षण. मशीनिस्टचं साडेतीन वर्षांचं असतं, पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो. त्याला बी-1 पर्यंत भाषा लागते. पाच वर्षं काम केलेल्याला पुन्हा शिकाऊ व्हायला जड जातं, हे मान्य आहे.

भाषेचं मात्र काही केल्या टळत नाही. मला बी-2 पर्यंत चौदा महिने लागले. मराठी, कन्नड, हिंदी तोंडात असलेल्या पोराला चौथी भाषा अवघड नाही, फक्त रोज दोन तास बसलं पाहिजे. आपल्याकडच्या पोरांना वाटतं आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणजे भाषाच येत नाही. तीन भाषांत बाजार करणारा माणूस आहे तो, त्याला सांगा.

कर्नाटकात राहणाऱ्यानं व्हिसाचा अर्ज बेंगळूरच्या वकिलातीकडं करायचा, पुणे-मुंबई जवळ असलं तरी.

नदाफ_गल्ली

मॅडम, हे सगळं छान आहे, पण दीड वर्ष जाईल यात. कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतोय. तोवर पोरानं काय करायचं?

टिळकवाडी_ते_स्टुटगार्ट

तुमचा प्रश्न रास्त आहे. माझ्या मागं कर्ज नव्हतं, वडील सरकारी नोकरीत होते. त्यामुळं मला थांबणं परवडलं, हे मला विसरून चालणार नाही.

मस्कतवाले_तात्या

म्हणून मी आखात सोडा म्हणत नाही. नीट रस्त्यानं जा म्हणतो. ओमान, कतारला वर्कशॉपची कामं निघतात. लायसनवाल्या एजन्सीचे इंटरव्ह्यू मुंबईला होतात, बेंगळूरलाही. कर्नाटक सरकारच्या कौशल्य विकास महामंडळाचं इंटरनॅशनल मायग्रेशन सेंटर बेंगळूरला आहे, तेही नोंदणी असलेली भरती एजन्सी आहे. तिथं नाव घालून ठेव. इंटरव्ह्यूला मशीनवरचा स्वतःचा छोटा व्हिडिओ मोबाइलमध्ये घेऊन जा, मालकाची परवानगी घेऊन. ट्रेड टेस्ट घेणारा माणूस हात बघतो.

दोन वर्षांचा करार, जेवण-खोली कंपनीची, ओव्हरटाइम लेखी. कर्ज फिटतं. आणि संध्याकाळी खोलीवर बसून जर्मनचा अभ्यास कुणी अडवत नाही. माझ्या वेळी मोबाइलवर असलं काही नव्हतं, नाहीतर मीही केला असता.

कागदवाला

दोन्ही रस्त्यांना पासपोर्ट एकच लागतो. ताई, आधी तो करून घ्या. मार्क्सकार्ड मूळ प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा, उलटं करू नका. बोर्डाच्या कागदातली दुरुस्ती शाळेपासून सुरू करावी लागते आणि वेळ खाते, पासपोर्ट त्यामानानं लवकर होतो. इनिशियलचं पूर्ण नाव काय आहे यासाठी प्रतिज्ञापत्र करून ठेवा. री-इश्यूचे 1,500 रुपये. कुणी तीन-चार हजार मागितले तर माझ्याकडं या, दुकान कुठं ते मेसेज करतो.

जांबोटीची_लेक

अडीच महिन्यांनी लिहितेय. मधे बऱ्याच जणांनी विचारलं, उत्तर द्यायला जमलं नाही. भाताची कापणी होती.

त्या माणसाकडं लायसनचा नंबर आणि ऑफर लेटर मागितलं. आधी चिडला, मग "सीट भरली" म्हणाला, मग फोन बंद. 10 हजार गेले. पोलिसात अर्ज दिलाय, पावतीच नाही म्हणून पुढं काय होईल सांगता येत नाही. गंठण डब्यात आहे.

पासपोर्ट नवीन आला. शेवटच्या पानावर आता काही छापलेलं नाही, आडनाव वेगळ्या रकान्यात आहे. भावानं तो दोनदा उघडून बघितला आणि आईच्या हातात दिला. आयटीआयच्या सर्टिफिकेटचं काम अजून चालू आहे.

मुंबईत एका एजन्सीकडं ट्रेड टेस्ट दिली. ई-मायग्रेटवर नाव तपासूनच गेला. ओमानच्या कंपनीसाठी निवड झालीय, करार यायचाय. संध्याकाळी सहा ते आठ जर्मनच्या क्लासला जातो, ए-1 चालू आहे. शॉपमधली ती दोन पोरंही आता त्याच्याबरोबर जायला लागलीत.

तात्या, करार आला की आधी तुम्हाला दाखवला तर चालेल का? इंग्रजी आणि अरबी दोन्हीत असतो म्हणे.

मस्कतवाले_तात्या

चालेल म्हणजे काय. सही करायच्या आधी पाठव, एकही पान सोडू नको. मूळ पगार आणि ओव्हरटाइमचा दर वेगळा लिहिलाय का, परतीचं तिकीट कुणाचं, आणि अरबीतला आकडा इंग्रजीशी जुळतो का, हे मी बघतो. अरबी आकडे मला अजून वाचता येतात.

टिळकवाडी_ते_स्टुटगार्ट

ए-1 ची परीक्षा मॅक्सम्युलर भवनात पुण्याला देणार की बेंगळूरला? जागा लवकर भरतात, तारीख आत्ताच बघून ठेवायला सांगा. बोलायच्या सरावाला रविवारी मी मोकळी असते, तुमच्याकडची दुपार. तिघांनाही बसवा फोनसमोर.